ढोल्या वळला

आठ वर्षं ढोल्याने एकही सामना चुकवला नाही, आणि आठ वर्षांत एकही सामना बघितला नाही. थाप वाटते ना? पण शंभर टक्के खरं आहे. ढोल्याची जागा म्हणजे मैदानाच्या जाळीला टेकवलेलं एक पालथं पिंप. त्यावर तो उभा, कमरेला ढोल, तोंड स्टँडकडे आणि पाठ मैदानाकडे. बॉल कुठे गेला, कोण पडलं, कोणाला कार्ड दाखवलं, सगळं त्याला समोरच्या तोंडांवरून कळायचं. तोंडं उघडी पडली की आपला अटॅक, मुठी आवळल्या की त्यांचा, आणि सगळे एकदम आईबहिणीवर उतरले की रेफ्रीने शिट्टी मारली. आणि नियम असा, की सामना चालू असताना ढोलवाल्याने वळायचं नाही. त्याच्या आधीचा ढोलवाला एकदा वळला म्हणे, आणि नेमका त्याच क्षणी आपल्यावर गोल बसला. त्यानंतर त्याला कोणी ढोलाला बोट लावू दिलं नाही. तो आता बागेत म्हाताऱ्यांचं बुद्धिबळ बघत बसतो.

आता हा जो काय सामना म्हणतोय ना, त्यात खेळ असा शोधावाच लागतो. आपली लीग म्हणजे खालून दुसरी पायरी. वर जायची ऐपत नाही, खाली जायला फारशी जागा नाही. कालव्याच्या अलीकडे आपण, पलीकडे ते, मधे एक पूल, आणि वर्षातून एकदा आपल्या मैदानावर हा सामना. पेपरवाले त्याला डर्बी म्हणतात. आपण भावकीचा सामना म्हणतो. आणि भावकीत जेवढी घाण निघते तेवढी परक्यांत कुठे निघते?

तर ढोल्या. आठवडाभर तो दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला. तिथेही कुठे, तर मळक्या खात्यात. वॉर्डातून चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल पोत्यांतून खाली यायचे, ते उघडायचे आणि वेगवेगळे करायचे. रक्ताचे इकडे, ओकारीचे तिकडे, आणि बाकीचं काय ते तुम्ही समजून घ्या. हे सगळं त्याच्या हाताखालून जायचं आणि हा गडी तिथेच बाजूला स्टुलावर बसून डबा खायचा. काही लोकांना गुदगुल्या होत नाहीत ना, तशी ढोल्याला किळस यायची नाही. आईसुद्धा म्हणायची, हा जन्मताना नाक घरी विसरून आला.

त्याला एक मोठी बहीण. ताई. आणि ताईने लग्न केलं ते पलीकडच्या गोलकीपरशी. म्हणजे बघा, अख्ख्या जगात एवढे पुरुष. लग्नात ढोल्याने ढोल वाजवला होता, भाऊजी लाजत लाजत नाचले होते, सगळं छान चाललं होतं. मग आला गेल्या वर्षीचा सामना. आपली गाणी जुळवतो मास्तर. मास्तर खरोखरचा मास्तर आहे, प्राथमिक शाळेतला, पोरांना हात धुवा, नखं कापा, रस्त्यात थुंकू नका हे शिकवणारा. त्याने दोन ओळींची एक जोडी बसवली होती.

पलीकडच्या गोलीला बायको आमची,
उघडी ठेवतो दारं, गोलची अन् घरची.

आणि ती वाजवली कोणी? ढोल्याने. त्याच्या डोक्यात काही शिरलंच नाही हो. त्याला फक्त ताल ऐकू येत होता, आणि ताल झकास बसला होता. हजारभर माणसं त्याच्या काठीवर नाचत होती. ताई मैदानापलीकडच्या स्टँडमधे बसली होती, पोटात बाळ. ती उठली आणि घरी गेली. भांडली नाही, रडली नाही, फोन करून शिव्या दिल्या नाहीत. बोलणंच बंद केलं. मुलगी झाली ते ढोल्याला आईकडून कळलं. मामा झालास, आई म्हणाली.

ढोल्याने मग बाळाला एक टॉवेल घेतला. पिवळा, मऊ, डोक्याला टोपडं असलेला आणि टोपड्यावर बदकाचं तोंड. आणि सवयीने त्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याने आपली फुली घातली. धुलाईखान्यात प्रत्येकाची अशी खूण असते, कोणती पोती कोणी उघडली ते कळावं म्हणून. ढोल्याची म्हणजे लाल दोऱ्याची दुहेरी फुली. आईच्या हातून टॉवेल पाठवला. पलीकडून ना पावती ना परत. तो धरून चालला की ताईने तो फरशी पुसायला काढला असणार.

आणि मग या सामन्याच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ताईचा फोन.

ढोल्याच्या हातातला घास हातातच राहिला. ताई इकडचं तिकडचं काही बोलली नाही. म्हणाली, "उद्या पहिल्या हाफला हे तुमच्या बाजूच्या गोलमधे असतील. एकदा वळून बघ."

"काय बघू?"

"बघ म्हटलं ना. एकदाच. मग संध्याकाळी घरी ये, पिल्लू दाखवते."

"ताई, सामना चालू असताना मला वळता येत नाही."

"माहितीये मला," ताई म्हणाली. "म्हणून तर सांगतेय."

आणि ठेवला फोन.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय, मान फिरवायची आणि बघायचं. पण ढोल्याला रात्रभर तेच. एकीकडे भाची, जिचं तोंडही त्याने पाहिलेलं नाही, आणि दुसरीकडे अख्खा स्टँड. शेवटी त्याने ठरवलं की वळायचं. सुरुवातीलाच वळायचं, पटकन, बूट बांधतोय असं दाखवून, कोणाच्या लक्षात यायच्या आत. आणि दुसरं ठरवलं की ते घाणेरडं गाणं यंदा होऊ द्यायचं नाही.

त्यासाठी त्याने सामन्याआधी मास्तरला गाठलं, मुताऱ्यांच्या पाठीमागे. त्या मुताऱ्या म्हणजे काय सांगू, दाराला दार नाही, खाली घोट्याएवढं साचलेलं, त्यात सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि सिगारेटची थोटकं तरंगतायत, आणि लोक विटा टाकून त्यावरून उड्या मारत आत जातात. बरेचजण जातच नाहीत, भिंतीलाच मोकळे होतात. मास्तर तिथे शांतपणे भिंतीला टेकून बिया सोलत होता. ढोल्याने विनवलं की गेल्या वर्षीचं गाणं नको, घरचा मामला आहे. मास्तरने टरफल थुंकलं आणि म्हणाला की शब्द माझे असले तरी लोक तुझ्या ढोलाला येतात, तू म्हणशील तसं, पण लोकांना काहीतरी द्यावं लागतं बाबा, उपाशी ठेवलं तर तुला नि मला खातील.

"टॉवेल आहे की," ढोल्या म्हणाला. "यंदा टॉवेल दोनदा फिरवू."

मास्तर खूश.

टॉवेलचं प्रकरण सांगायला हवं. ती टूम ढोल्याचीच, त्याच्या डोक्यातून निघालेली. गोलकीपर हातमोजे पुसायला एक टॉवेल गोलच्या जाळीला अडकवून ठेवतात. आपल्या मैदानात गोल आणि स्टँड यांच्यात जेमतेम एका हातगाडीची जागा. आपल्यात एक रंगारी आहे, उंच भिंती रंगवायला त्याच्याकडे जोडायची लांब काठी असते. रोलर काढला, पुढे आकडा बसवला, ढोल्याने ढोलावर तीन सुटे ठोके दिले की रंगाऱ्याने काठी जाळीतून घालायची आणि टॉवेल ओढायचा. मग तो स्टँडमधून फिरतो. खालच्या रांगेपासून वर आणि वरून परत खाली, हातोहात. ज्याला जे सुचेल ते त्याने करावं. कोणी नाक शिंकरतो, कोणी काखेत फिरवतो, कोणी थुंकतो, आणि वरच्या रांगेतले तर विचारूच नका, तिथे उभं राहून काय करतात ते खालून दिसत नाही म्हणून बरं. शेवटी तो येतो ढोल्याकडे. ढोल्या त्याने ढोल पुसतो, काठीवर धरून उंच फिरवतो, आणि मग असा आवाज उठतो की पत्रे हादरतात. रेफ्री बघून न बघितल्यासारखं करतो. त्यालाही घरी जायचं असतं.

ढोल्याला वाटलं, सुटलो. गाण्याने ताईचं नाव खराब होतं, टॉवेलने काय, एक फडकं जातं. भाऊजींना नवा घेऊन देईन. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झाला की पिंपावर उडी मारून चढला.

सामना सुरू झाला आणि पहिल्याच मिनिटापासून रान पेटलं. मैदान म्हणजे नुसता रेंदा, बॉल दोनदा भिंतीपलीकडे गेला, दोन्हीकडचे बावीस जण एकमेकांच्या नडगीवर मारतायत, आणि स्टँडमधून त्याला अशी दाद की जणू काही सोनंच उधळतायत. भाऊजी गोलमधे येऊन उभे राहिले हे ढोल्याला पाठीमागून कळलं, कारण समोरून थुंक्या सुटल्या. हो, थुंक्या. त्याच्या डोक्यावरून, त्याच्या खांद्यावरून, जाळीतून पलीकडे. अर्ध्या जाळीलाच अडकून लोंबत राहायच्या. मास्तर यात सगळ्यांत तयार. मान मागे घ्यायचा, गाल आत ओढायचा आणि अशी फेकायचा की तिसऱ्या रांगेतून थेट पेनल्टीच्या ठिपक्याकडे.

दरवर्षी हे असंच असतं. पण दरवर्षी ढोल्या तालात असतो. यंदा तो वळायची वेळ शोधत होता, त्यामुळे ताल हातावर सोडून त्याचे डोळे मोकळे होते, आणि मोकळ्या डोळ्यांना काय दिसलं, तर तोंडं. आठ वर्षं समोर असलेली तीच तोंडं. लाल, घामट, ओठांच्या कोपऱ्यात फेस, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या. कोपऱ्यावरचा बेकरीवाला, ज्याच्याकडून ढोल्या रोज सकाळी पाव घेतो, तो आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा होता आणि गोलकीपरकडे बघून बोटाने कोणती खूण करायची ते तिला शिकवत होता. तिला ती नीट जमेना. दोन बोटं वर व्हायची. तो पुन्हा पुन्हा तिचं एक बोट खाली दुमडून देत होता, प्रेमाने, जसं पाटीवर अक्षर गिरवून घेतात तसं. आणि जमल्यावर त्याने तिची पापी घेतली, तसल्याच फेसाच्या तोंडाने.

ढोल्याची काठी ढोलाच्या काठावरच पडली. त्याला वाटलं घामाने निसटली असेल.

आता वळू, असं त्याने बऱ्याचदा ठरवलं. एकदा खाली वाकलाही, बुटाच्या नाडीला हात घातला, पण रंगारी वरून ओरडला की ढोल का थांबला रे, झोपलास काय, आणि तो उठून पुन्हा वाजवायला लागला. एकदा तर आयती संधी आली. त्यांचा एकजण पाय धरून पडला, खेळ थांबला, स्टँड क्षणभर गप्प. मान फिरवायचीच होती. पण गप्प बसलेल्या स्टँडसमोर ढोलवाल्याला राहवत नाही हो, तिथे हात आपोआप उठतो. याने ठोका दिला, सगळ्यांनी पडलेल्या पोराला मेला मेला म्हणून ताल धरला, आणि संधी गेली. हे झालं की वळतो. पुढचं गाणं संपलं की वळतो. असं करता करता पहिला हाफ संपत आला, आणि मास्तर भुवया उडवायला लागला. टॉवेल. कबूल केलंस ना?

ढोल्याने विचार केला, टॉवेल निघाला की सगळ्यांचं लक्ष टॉवेलकडे. तेव्हा बिनधास्त वळता येईल. त्याने तीन सुटे ठोके दिले.

काठी त्याच्या कानाजवळून गेली. पाठीमागे भाऊजींचा आवाज आला, काहीतरी ओरडले, नेहमीसारखी शिवी नव्हती, "नको, तो नको" असं काहीतरी. पण एवढ्या गोंधळात कोण ऐकतो. आकड्याला काहीतरी पिवळं लोंबत त्याच्या डोक्यावरून स्टँडमधे गेलं आणि हशा फुटला.

बदक बघून लोक वेडेच झाले. गोलीला अजून दुपटं लागतं, कोणी म्हणालं. दुसऱ्याने ते टोपडं डोक्यावर चढवून बाळासारखा टाहो फोडला. बेकरीवाल्याने त्यात नाक शिंकरलं आणि पोरीच्याही नाकाला लावलं. रांगेमागून रांग, वर वर. पिवळं कमी व्हायला लागलं. वरच्या रांगेत ते बराच वेळ राहिलं, तिथे नुसत्या पाठी दिसत होत्या आणि खांदे हसून हलत होते. मग ते खाली यायला लागलं. आता लोक ते दोन बोटांनी धरत होते, पण धरत होते, आणि आपल्या वाटणीची भर घालून पुढे देत होते. मास्तरने त्याच्या तिसऱ्या रांगेत ते हातात घेतलं, बदकाच्या बरोबर तोंडावर नेम धरला, आणि मग मोठ्या अदबीने, बक्षीस द्यावं तसं, ढोल्याच्या हातात ठेवलं.

ओलं. कोमट. जड.

ढोल्या तोपर्यंत वळला नव्हता, कारण सगळ्यांचं लक्ष टॉवेलकडे आणि टॉवेल शेवटी त्याच्याकडेच यायचा, म्हणजे सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच. ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती. त्याने नेहमीसारखा टॉवेल झटकून उलगडला, ढोल पुसायला म्हणून कोपरा धरला, आणि अंगठ्याखाली त्याला दोऱ्याची गाठ लागली. लाल दोरा. दुहेरी फुली.

दवाखान्यातली एवढी पोती उघडली या माणसाने. कोणाची मरणाची चादर, कोणाच्या बाळंतपणाची. पण ती घाण माणसाच्या अंगातून सुटलेली असते, त्याचा इलाज नसतो. ही माणसांनी हौसेने केलेली होती. एकेकाने आपल्या पाळीची वाट बघून. आणि वाट त्यांना कोणी दाखवली, तर याने. त्याच्या घशाशी आलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्याने तोंड मिटलं, ते परत गिळलं, आणि ते गिळतानाच तो वळला.

अख्ख्या स्टँडसमोर, ढोलासकट, पूर्ण वळला.

मैदान केवढं लहान होतं. त्याला वाटलं होतं मोठं असेल. आणि समोर, हातभर अंतरावर, जाळीच्या पलीकडे भाऊजी उभे होते, खेळाकडे पाठ करून, त्याच्याकडे बघत. केसांत, मानेवर, जर्सीवर थुंक्या ओघळत होत्या आणि ते पुसतही नव्हते. ढोल्याच्या हातातल्या टॉवेलकडे बघत होते. चिडलेले नव्हते हो. चिडले असते तर सोपं गेलं असतं. साफ चुकीच्या पत्त्यावर येऊन पोचलेल्या माणसासारखं तोंड झालं होतं त्यांचं.

"भाऊजी," ढोल्या म्हणाला.

आणि तेवढ्यात भाऊजींच्या पाठीमागून बॉल आला. जोरात सुद्धा नाही. आपल्या कोणीतरी चिखलातून कसाबसा ढकललेला, घरंगळत, जवळजवळ सॉरी म्हणत आला आणि गोलमधे जाऊन थांबला.

मग जे झालं ते विचारू नका. स्टँड अंगावर कोसळला. ढोल्या वळला, ढोल्या वळला आणि गोल झाला, ह्याच्या नजरेनेच गोली बांधला गेला. ज्या नियमासाठी त्याच्या आधीच्याला हाकललं होतं, तो नियम एका क्षणात उलटा झाला. त्याला पिंपावरून उचललं, खांद्यावर घेतलं, ओल्या तोंडांनी त्याच्या गालांच्या, हातांच्या पाप्या घेतल्या. दारूचा, बियांचा, लाळेचा वास. मास्तर तर रडत होता, आणि रडता रडता त्याचं गाणंही तयार झालं होतं.

ढोल्या वळला, गोल झाला,
गोली दुपट्यात झोपी गेला.

लोकांनी लगेच उचललं. ढोल नसतानाच. टाळ्यांवर, पायांवर, पत्र्यांवर. ढोल्याला तोपर्यंत वाटायचं की आपण वाजवतो म्हणून हे गातात. तो त्यांच्या खांद्यांवर टॉवेल छातीशी धरून बसला होता, त्याची ओल शर्टातून आत पोटापर्यंत उतरत होती, आणि ते त्याच्याविना झकास तालात गात होते.

हाफटाइमच्या गर्दीत त्याने ढोल कमरेचा सोडला, पिंपावर ठेवला आणि निघाला. मुतारीला चाललाय असं समजून लोकांनी वाट दिली. वाट देतानाही पाठ थोपटली. गेटबाहेर आल्यावर भिंतीशी वाकला आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर काढलं.

तिथून तो सरळ धुलाईखान्यात गेला. सुट्टीच्या दिवशीही तिथे एक पाळी चालू असते. टॉवेल त्याने मशीनमधे टाकला नाही, हाताने धुतला. आधी गार पाण्यात, कारण असल्या डागांवर पहिलं गरम पाणी घातलं की डाग मुरतो, हे त्याच्या हाडात. मग सोडा, मग साबण, मग कढत पाणी. पिवळा रंग जाऊ नये म्हणून ब्लीच नाही. पुन्हा गार. टोपड्याची शिवण दातकोरणीसारख्या काडीने साफ केली. बाजूची बाई म्हणाली, एवढं कोणाचं काय आहे रे, आणि याने बादलीतलं पाणी बदललं. वाळवणीच्या मशीनमधे फिरवल्यावर टॉवेल नव्यासारखा निघाला. बदक हसत होतं. स्वतःचे हात त्याने कोपरापर्यंत धुतले, शर्ट बदलला, आणि पूल ओलांडला.

ताईचं घर सायकलच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. उजेड अजून होता. दार ताईनेच उघडलं, कडेवर पिल्लू. ढोल्याने पहिल्यांदा पाहिलं तिला. डोळे मोठे, डोक्यावर चार केस, आणि मूठ पूर्ण तोंडात घातलेली. त्याने टॉवेल पुढे केला. ताईने तो घेतला, उलटासुलटा बघितला, नाकाला लावला.

"चांगला निघालाय," ती म्हणाली.

"हो."

"मीच यांना म्हटलं होतं, आज हा लावा. मामाला दिसू दे, आपण वापरतो तो." मग विचारलं, "वळला होतास?"

आता इथे खोटं बोलायला काय लागत होतं? वळला तर होताच. हजार माणसं साक्षीला होती, गाणंसुद्धा झालं होतं. भाऊजी आत कुठेतरी होते, नळाचा आवाज येत होता. ढोल्या उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वळलो. पण टॉवेल हातात आल्यावर. आणि ठोके मीच दिले होते, ताई. गाणं नको म्हणून टॉवेल मीच कबूल केला होता."

ताई ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. टॉवेल मात्र तिने घरात नेला नाही, दाराबाहेरच्या चपलांच्या फळीवर ठेवला. एवढा स्वच्छ टॉवेल. ढोल्याला ते बरोबर वाटलं.

तेवढ्यात पुलाकडून आवाज यायला लागला. जिंकलेले लोक हरलेल्यांच्या रस्त्यातून फिरतात ना, तेच. एक-शून्य. त्याच घरंगळत्या गोलवर. त्याचा ढोल रंगाऱ्याने गळ्यात घातला होता आणि रंग फासावा तसा बडवत होता, ना धड ताल ना धड ठोका. बरोबर ताईच्या खिडकीखाली येऊन ते थांबले. गोली दुपट्यात झोपी गेला. ताईचा चेहरा पिशवीतून सडकी भाजी निघाल्यावर होतो तसा आक्रसला. आणि कडेवरचं पिल्लू, काय सांगायचं, पिल्लाने तोंडातली मूठ काढली, खिडकीकडे मान वळवली आणि दोन्ही पाय तालात हलवायला लागलं. हसत होतं. त्या आवाजाला हसत होतं, खुदुखुदु.

ताईने तिच्या पायांकडे बघितलं. मग ढोल्याकडे.

"मामावर गेलीये," ती म्हणाली. यात कौतुक किती आणि कडवटपणा किती, देव जाणे. "उभा काय राहिलास? खिडकी लाव. माझे हात मोकळे नाहीत."

खिडकी लावायची तर आत यायला हवं. ढोल्या चपला काढून आत आला, दिवाणावर गुडघा टेकवून खिडकीची दारं ओढायला वाकला. खाली मास्तरने त्याला ओळखलं. ढोल्या, ढोल्या म्हणून हाका सुटल्या, खाली ये, वाजव, हा रंगारी वाट लावतोय. सगळी तोंडं पुन्हा वर झाली, उघडी. ढोल्याने कडी घातली, पडदा ओढला आणि खिडकीला पाठ करून उभा राहिला. आवाज कमी झाला. गेला नाही, पण कमी झाला. पिल्लाचे पाय हळूहळू थांबले.

"घे," ताई म्हणाली आणि तिला पुढे केलं.

ढोल्याचे हात अर्ध्यावर आले आणि थांबले. त्याने बोटं नाकाशी नेली. धुलाईखान्याच्या साबणाचा वास, आणि त्याच्या खाली अजून काहीतरी. कदाचित नसेलही. पण त्याला येत होता.

"थांब जरा, हात धुऊन येतो."

"आत्ताच धुतलेले दिसतायत की."

"पुन्हा धुतो."

न्हाणीचं दार लोटलेलं होतं. भाऊजी आत बेसिनशी उघड्या अंगाने वाकून मान चोळत होते. मान चोळून चोळून लालभडक झाली होती, तरी चोळतच होते. त्यांनी आरशातून ढोल्याकडे पाहिलं, थोडे बाजूला सरकले आणि नळाखाली जागा केली.

ढोल्याने साबण घेतला.

"सगळा संपवू नकोस," भाऊजी म्हणाले. "मला अजून लागणार आहे."